श्रावणात ठरवलेला दर चैत्रात पुरत नाही: रानात दुसऱ्याचा घोडा ठेवताना या चुका टाळा

पुरंदर तालुक्यात आमचं सहा एकर माळरान आहे, कधी नांगर न लागलेलं. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात पुण्याहून ओळखीतले एक गृहस्थ आले. गुडघाभर गवत बघून म्हणाले, "एवढं रान मोकळंच पडलंय की! माझी घोडी ठेवता का? महिन्याला काय घ्याल?" खंडोबाच्या मुलखातला माणूस घोडीला नाही कसं म्हणणार? मी गवताकडं बघितलं, हिशेब केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणालो, पाच हजार द्या. ते लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन हो आलं तेव्हाच कळायला हवं होतं.

शिवरात्रीपर्यंत घोडीनं आमच्या घरच्या कडब्याची गंजी निम्म्यावर आणली होती. रानात तोवर फक्त कुसळं उरली होती. त्या वर्षी मी काय काय चुकलो आणि पुढं आसपासच्या लोकांना काय चुकताना बघितलं, ते इथं लिहितो.

हिरव्या महिन्यात दर ठरवणं

बाकीच्या सगळ्या चुका या एका चुकीच्या पोटातून निघतात. आपल्याकडचं गवत पावसाचं आहे. जूनअखेर फुटतं, ऑक्टोबरात पिकतं आणि दिवाळीनंतर उभं वाळून जातं. मग त्यात कस राहत नाही. म्हणजे रान घोड्याला पोसतं ते जेमतेम चार महिने. उरलेले आठ महिने तुम्ही चारा विकत आणून घालता, रान फक्त फिरायला असतं.

खाण्याचा ठोकताळा असा, की घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो. मारवाडी किंवा काठियावाडी घोडी ४०० किलोची धरली तर ८ किलो कोरडा भाग, म्हणजे वाळलेलं गवत ९ किलोच्या आसपास. महिन्याला २७० किलो. आता मी काही भाव धरतो. ते हिशेब समजण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमच्या बाजारातले भाव घाला.

चारा १० रुपये किलोनं २,७०० रुपये. चंदी, म्हणजे हरभरा, जव, कोंडा, रोज दोन किलो, ३५ रुपये किलोनं २,१००. चार घोड्यांमागं एक माणूस, पगार १४,००० धरला तर एका घोड्याच्या वाट्याला ३,५००. पाणी ३००. कुंपणाची डागडुजी, मीठ, फुटलेल्या बादल्या, तुटलेल्या मोहरक्या (घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दोऱ्या) मिळून ५००. झाले ९,१००. हा चैत्रातला महिना.

भाद्रपदात चारा शून्य, हलकं काम असलेल्या घोडीला चंदी शून्य, पाणी जवळजवळ शून्य. उरतो माणूस आणि डागडुजी, ४,०००.

पाच हजारांत मी चार हिरव्या महिन्यांत ४,००० कमावले आणि आठ कोरड्या महिन्यांत ३२,८०० गमावले. निव्वळ २८,८०० खिशातून, आणि यात रानाचं भाडं की नफा, काहीच धरलेलं नाही.

मग बारा महिन्यांची सरासरी काढून एकच दर ठेवावा का? वरच्या आकड्यांत ती ७,४०० येते. दिसायला बरोबर वाटते, पण घोडा कधी येतो आणि कधी जातो हे तुमच्या हातात नसतं. नोव्हेंबरात आलेला घोडा जूनअखेर परत नेला तर या 'बरोबर' दरातही तुम्ही १३,६०० रुपये घालवून बसता. म्हणून दोन दर सांगा, जुलै ते ऑक्टोबर एक आणि बाकीच्या आठ महिन्यांचा वेगळा. मालकांना सुरुवातीला विचित्र वाटतं. कागदावर हिशेब मांडून दाखवला की घोडा कळणारा माणूस कुरकुर करत नाही. जो करतो, त्याच्याकडून पुढंही पैसे वेळेवर येत नाहीत, असा माझा अनुभव.

गवत न मोजता एकर मोजणं

"एकरी एक घोडा" हे वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते बारमाही ओल्या, जोपासलेल्या कुरणांचं आहे, आपल्या मुरमाड माळाला लावू नका. तुमचं रान काय देतं ते स्वतः मोजा. ऑक्टोबरात गवत पिकलं की चार-पाच ठिकाणी एकेक चौरस मीटर कापा, कडक वाळवा, वजन करून सरासरी काढा. जितके ग्रॅम भरतील त्याला चारनं गुणलं की एकरी किलो मिळतात. १२५ ग्रॅम भरलं तर एकरी ५०० किलो.

चार महिन्यांत घोडा साधारण १,००० किलो कोरडा चारा खातो. तुडवून, लीद टाकून वाया घालवतो तेवढंच आणखी धरा. म्हणजे असं रान एका घोड्याला चार एकर लागलं. माझ्या सहा एकरांवर मी एका वर्षी तीन घोडे सोडले होते. दसऱ्याला जमीन बोडकी झाली आणि पुढच्या वर्षी तिथं गवताआधी तरवड आणि घाणेरी आली. गाय जिभेनं वेटाळून गवत तोडते, बुडखा ठेवते. घोड्याला वरखाली दोन्हीकडं दात असतात, तो मुळाशी कातरतो. शिवाय जिथं लीद टाकतो तिथलं गवत खात नाही, त्यामुळं निम्मं रान चाटलेलं आणि निम्मं उभं राहतं. रानाचे तीन तुकडे पाडून फिरवत चारलं तर बरंच वाचतं. तुकडे पाडायला लागणारी तार दरात धरा.

दरात रानाचंही भाडं यायला हवं. ते किती, हे सोपं आहे. गवत उक्तं विकलं असतं तर जे मिळालं असतं, तेवढं.

शहरातल्या क्लबचा दर बघून आपला ठरवणं

शहराजवळच्या रायडिंग क्लबात घोडा ठेवायचे पैसे ऐकून पुष्कळांचे डोळे विस्फारतात. त्या पैशांत रिंगण असतं, शिकवणारा असतो, प्रत्येक घोड्याला स्वतंत्र ठाण असतं, रोज खरारा होतो. तुमच्याकडं माळ आणि पत्र्याची शेड आहे. उलट शेजाऱ्यानं भावकीतल्या माणसाचा घोडा दोन हजारांत ठेवला म्हणून तुम्हीही तेच सांगितलं, तर तीही फसगतच. त्याच्या घरचा म्हातारा दिवसभर घोड्यामागं असतो आणि त्याचा पगार कुणी मांडत नाही.

घरच्या माणसाची मजुरी शून्य धरणं ही शेतकऱ्याची जुनी खोड. गाई-म्हशीत करतो, पिकात करतो, इथंही करतो. दोन वेळा पाणी, लीद काढणं, खुरात खडा अडकलाय का बघणं, संध्याकाळी मोजून आत घेणं याला घोड्यामागं रोज पाऊण तास जातो. हे काम घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराला दिलं असतं तर तो काय घेईल, तेवढं दरात येऊ द्या, मग ते काम तुमची आई करत असली तरी.

सगळ्या घोड्यांना एकच मोजमाप

वरातीची घोडी, बैलगाड्यापुढं पळणारी घोडी, पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड आणि कुणाच्या मुलीचा हौसेचा टट्टू. चौघांचा खर्च वेगळा.

वरातीच्या घोड्यांचं गणित आपल्या रानाशी छान जुळतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. चातुर्मासात लग्नं नसतात, घोडी बसून खाते आणि मालकाला शहरात विकतचा चारा परवडत नाही. त्याच चार महिन्यांत आपलं रान फुकट पिकलेलं असतं. तुळशीचं लग्न लागलं की तो स्वतःच घोडी घेऊन जातो. हे गिऱ्हाईक कमी दरातही परवडतं.

खेड-जुन्नरकडं शर्यतीत बैलांच्या पुढं पळणारी घोडी मात्र मोलाची असते. सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून तर जास्तच. तिला खरचटलं तरी मालकाचा फोन येतो. ती जोखीम दरात नसेल तर घेऊच नका. रेसचा निवृत्त घोडा नुसत्या गवतावर टिकत नाही. कातडी पातळ, अंगानं उमदा, चंदी दुप्पट. दोन महिन्यांत बरगड्या दिसायला लागतात आणि दोष तुमच्यावर येतो. वळू घोडा ठेवायचा तर कुंपण आणि ठाण वेगळं लागतं. गाभण घोडीचा दर शेवटच्या तीन महिन्यांत वाढवा. आणि ती तुमच्याकडं व्याली तर शिंगरू मालकाचं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम १६३ तेच सांगतं. त्यातलं उदाहरण तर गाईचं आणि तिच्या वासराचं आहे.

गोठ्याचा अनुभव पुरेसा समजणं

इथं पैशापेक्षा मोठं नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर. काटेरी तार गुरांना चालते. घोडा घाबरला की बघत नाही, सरळ घुसतो आणि छाती-पाय फाडून घेतो. साधी तार, त्यावर दिसेल अशी पट्टी किंवा बांबू हा खर्च पहिला घोडा यायच्या आधी करा आणि तो तीन-चार वर्षांत वसूल होईल असा दरात वाटा.

फार्महाऊसच्या कडेनं हौसेनं लावलेली कण्हेर उपटून टाका. तिची मूठभर पानं घोड्याचा जीव घेतात. दुभत्या जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. ते गाईला मानवतं, घोड्याच्या हृदयावर जातं. पेंडीची पोती घोड्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशीच ठेवा. आणि नेपियर गवत भरपूर आहे म्हणून वर्षभर तेच घालायचा मोह टाळा. त्यातल्या ऑक्झलेटमुळं घोड्याच्या हाडांतला चुना कमी होतो.

दरात काय नाही, हे न सांगणं

खुरं दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावी लागतात. नालबंद कोण बोलावणार? जंताचं औषध, धनुर्वाताची लस कुणाच्या खर्चानं? पावसाळ्यानंतर चावऱ्या गोमाश्यांमुळं सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) पसरतो, त्याची रक्ततपासणी कोण करणार? हे सगळं मालकाकडं, असं मी लिहून घेतो. रोजचा खर्च माझा, कधीमधीचा त्यांचा.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. पोटशूळ उठला की घोडा पोटाकडं वळून बघतो, लोळतो, लीद टाकत नाही. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं वाट बघण्यात जीव जातो. रात्री दोनला मालक फोन उचलत नसेल तर डॉक्टरला बोलवायची मुभा तुम्हाला हवी, आणि न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा तो आकडा कागदावर हवा. करार कायद्याच्या कलम १५१ नुसार स्वतःच्या जनावराची शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घेणं अपेक्षितच आहे.

घोडा उतरवून घेताना ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला मागा. हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह निघालेल्या घोड्याला कायद्यानं दयामरण द्यावं लागतं. एका घोड्यापायी बाकीच्यांची ये-जा बंद होते, तो तोटा कोणताही दर भरून काढत नाही. अंगावरच्या जुन्या जखमांचे फोटो त्याच दिवशी काढा.

शेतीला, जनावरं पाळण्याला जीएसटी नाही म्हणून आपल्यालाही नाही, असं समजून राहू नका. ती सूट देताना घोड्यांना नाव घेऊन वगळलेलं आहे. वर्षाची सगळी मिळून उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची कटकट नाही. त्याच्या वर गेलात तर सीएला विचारा.

पैसे थकले तर घोडा धरून ठेवू, हा भरवसा

थकलेला ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो. थकलेला घोडा रोज नऊ किलो खातो. आमच्याकडं एका मालकानं तीन महिने "पुढच्या आठवड्यात" केलं आणि मग फोन उचलणं सोडलं. करार कायद्याच्या कलम १७० मध्ये वस्तू अडवून ठेवायचा हक्क आहे, पण तो तिच्यावर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल तर. नुसतं चारणं त्यात बसतं की नाही यावर वकील भांडतील, तोवर चंदी तुमचीच. तेव्हापासून मी पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत आगाऊ घेतो आणि दोन कोरड्या महिन्यांचं डिपॉझिट ठेवतो. हिरव्या महिन्यांच्या दरानं घेतलेलं डिपॉझिट चैत्रात चार आठवड्यांच्या आतच संपतं.

आधीच कमी सांगून बसला असाल तर

उन्हाळ्यात अचानक दर वाढवू नका. तेव्हा मालकाला दुसरीकडं कुठं चारा नसतो आणि तुम्ही अडवताय असं वाटतं. गणपतीच्या सुमारास सांगा. तेव्हा रान हिरवं असतं, घोडा तुकतुकीत असतो आणि दिवाळीपर्यंत मालकाला दोन महिने मिळतात. मी मागच्या महिन्यांचा खर्च एका कागदावर लिहून तिन्ही मालकांना पाठवला. चारा किती किलो, भाव काय, पावती सोबत. एकानं घोडा नेला. दोघं राहिले, त्यातल्या एकानं मिरजेकडून स्वतः गवताचा ट्रक पाठवायचं कबूल केलं आणि त्याच्या दरातून आम्ही चाऱ्याचे पैसे वजा केले. मोकळी झालेली जागा पुढच्या आषाढात हडपसरच्या एका बँडवाल्याच्या दोन घोड्यांनी भरली. त्या तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी टेम्पोत बसून गेल्या, आणि त्या वर्षी गंजीला हात लावावा लागला तो थेट माघात.