आधी बुरशी, मग ड्राइव्ह: कोकणातल्या जुन्या फ्लॉप्या डिजिटल करताना

माळ्यावरच्या ट्रंकेत वीस-पंचवीस पावसाळे काढलेल्या फ्लॉपीवरचा डेटा बऱ्याचदा शाबूत असतो. तो जातो आपण ती उत्साहाने ड्राइव्हमध्ये सरकवतो तेव्हा. चकतीवरची बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते, हेड ती पुढच्या ट्रॅकवर (डेटाच्या गोल पट्ट्यावर) घासत नेतं आणि चुंबकीय थर खरवडून निघतो. मग तेच मळकं हेड पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्यांची वाट लावतं. म्हणून इथलं निम्म्याहून जास्त काम ड्राइव्हला हात लावण्याआधीचं आहे.

काम दिवाळीनंतर काढावं आणि शिमग्यापर्यंत उरकावं. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की सकाळी पुसलेली चकती संध्याकाळी पुन्हा ओलसर लागते. खोके उघडले की फ्लॉप्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पन्नास फ्लॉप्यांना पाव किलो रंग बदलणारी सिलिका जेल पुरते. आठ-दहा दिवस तशाच राहू द्या, जेलचा रंग पालटला की बदला. डब्यात साधा आर्द्रतामापक ठेवला तर उत्तम, आकडा ४० ते ५० टक्क्यांवर आला की पुढे जा. उन्हात वाळवू नका, चकती वाकते. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, कोंडा थेट आत जातो. लेबलचा चिकटा काढायला खोबरेल तेलाकडे हात जातो, तोही आवरा. तेलाचा एक ओघळ आत गेला की ती फ्लॉपी संपली.

या दिवसांत दोन कामं उरका. प्रत्येक फ्लॉपीला क्रमांक देऊन दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण लेबलवरचं पेनाचं अक्षर हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. आणि लेखनबंदी करा, म्हणजे फ्लॉपीवर काही लिहिलंच जाणार नाही. इथे सगळ्यांची गफलत होते: साडेतीन इंची फ्लॉपीत कोपऱ्यातली खिडकी उघडी असली की फ्लॉपी सुरक्षित, तर सव्वापाच इंचीत कडेची खाच पट्टी लावून झाकली की सुरक्षित. हे टाळू नका. विंडोज ९५ आणि ९८ नुसती फ्लॉपी उघडतानाही बूट सेक्टरमधलं (फ्लॉपीच्या अगदी पहिल्या तुकड्यातलं) नाव बदलून ठेवतात.

आता तपासणी. साडेतीन इंचीची पत्र्याची झडप बोटाने सरकवून धरा, मागचा धातूचा गाभा अंगठ्याने हळूहळू फिरवा आणि टॉर्चचा झोत तिरका टाका. बुरशी पांढुरक्या ठिपक्यांसारखी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. चकतीवर गोल, एककेंद्री रेघ दिसली तर तिथला थर हेडने आधीच खरवडलेला आहे, ती फ्लॉपी सर्वांत शेवटी घ्या. खाऱ्या हवेने झडपेची स्प्रिंग गंजून अडकली असेल तर झडप काढूनच टाका, वाचनाला तिची गरज नसते. ड्राइव्हमध्ये तुटली तर मात्र हेड उपटून काढते.

ठिपके थोडे असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी थरच विरघळतो. कापसाची काडी ओली करा, ठिबकती नको. चकतीवर नुसती टेकवा, दाबू नका, आणि चकती फिरवा. काडी मळली की बदला. मागोमाग कोरडी काडी. दोन्ही बाजू. काडीवर तपकिरी रंग येऊ लागला तर तो मळ नव्हे, तो डेटा आहे. तिथेच थांबा.

बुरशी दाट असेल तर कवचातलं कापडी अस्तरच बुरशीने भरलेलं असतं, चकती कितीही पुसा, पुन्हा माखते. अशा वेळी चकती बाहेर काढून दुसऱ्या, निरुपयोगी पण स्वच्छ फ्लॉपीच्या कवचात घालायची. साडेतीन इंचीची झडप काढा, कडेच्या सांध्यात पातळ प्लॅस्टिक कार्ड घालून एकेक कोपरा सोडवा. सव्वापाच इंचीची वरची कड कात्रीने अगदी काठावरून, मिलिमीटरभर कापा आणि चकती सरकवून काढा. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात हलकेच धुवून नंतर डिस्टिल्ड वॉटरने विसळा, न घासता टिपा आणि सावलीत उभी वाळवा. मूळ बाजू उलटणार नाही याकडे लक्ष ठेवा. नाकाला मास्क हवाच. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात भिजलेल्यांसारख्या, आत गाळ बसलेल्या फ्लॉप्यांनाही हाच उपाय, मात्र आधी गाळ वाहत्या स्वच्छ पाण्याने सुटू द्या. वाळलेला गाळ पुसायला जाल तर वाळूच्या कागदाने घासल्यासारखं होईल.

ड्राइव्हकडे वळू. बाजारातली यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह स्वस्त, पण ती फक्त साडेतीन इंची आणि तीही पीसीच्या ठरावीक फॉरमॅटपुरती, शिवाय हेड साफ करायला जागा नाही. बुरशीच्या संग्रहाला ती नको. जुन्या पीसीतून काढलेली ड्राइव्ह, ३४ पिनांची फ्लॅट केबल आणि ग्रीझवीझलचं छोटं कार्ड हे जमवा. हे कार्ड फाइली वाचत नाही, चकतीवरच्या चुंबकीय बदलांची वेळ नोंदवतं. त्यामुळे पीसीखेरीज इतर घरगुती संगणकांच्या फ्लॉप्याही वाचता येतात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले होते. अशा शाळेच्या कपाटातली फ्लॉपी बहुधा एकेरी घनतेची, ४० ट्रॅक, दर ट्रॅकमध्ये २५६ बाइटचे १० सेक्टर (तुकडे), अशी असते. पीसीला ती कोरीच वाटेल, आणि विंडोज ‘फॉरमॅट करू का’ असं विचारेल. उत्तर कायम नाही.

जोडताना केबलची लाल कड पिन १ कडे. ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी आहे, जळलं काही नाही, फिरवून लावा. बहुतेक साडेतीन इंची ड्राइव्ह ५ व्होल्टवर चालतात, सव्वापाच इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणजे वेगळा पॉवर सप्लाय. लाइट जाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएस ठेवा. हेड आयपीएच्या काडीने पुसा, वरचं हेड काही मिलिमीटरपेक्षा जास्त उचलू नका, त्याची नाजूक पट्टी वाकली की ती बाजू कायमची गेली. सळ्यांवरचं वाळलेलं ग्रीस काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. बुरशीच्या प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुन्हा पुसायचं, कंटाळा आला तरी.

आधी खऱ्या अर्थाने नको असलेली फ्लॉपी वाचून बघा, मग मौल्यवान. फ्लॉपी आत गेली आणि किंचाळल्यासारखा आवाज आला तर लगेच बाहेर. पहिल्या वाचनात चकतीच्या तीन फेऱ्यांची कच्ची फ्लक्स इमेज (चुंबकीय बदलांच्या वेळांची नोंद) घ्या आणि सेक्टर इमेज (नुसत्या डेटाची नक्कल) नंतर त्यातूनच काढा. फ्लक्स फाइल सहज पन्नास एमबीच्या पुढे जाते, पण नकलीविरुद्ध मुद्दाम बिघडवलेले सेक्टर असलेले जुने गेम फक्त तिच्यातच टिकतात. सेक्टर इमेजचा आकार नेमका जुळला पाहिजे: १.४४ एमबीची १४,७४,५६० बाइट, ७२० केबीची ७,३७,२८०, १.२ एमबीची १२,२८,८००, ३६० केबीची ३,६८,६४०. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचताना हेडला दर वेळी दोन ट्रॅकची पावलं टाकायला सांगावं लागतं, नाहीतर निम्मे ट्रॅक रिकामे येतात.

चुका कुठे पडतात ते बघा, बिघाडाचं मूळ तिथेच सापडतं. एका बाजूचे सगळे ट्रॅक बिघडलेले: त्या बाजूचं हेड मळलंय. आतल्या, मोठ्या क्रमांकाच्या ट्रॅकवर चुका वाढत जातात: तिथे डेटा दाटीने असतो, दुसरी ड्राइव्ह लावून बघा, कारण फ्लॉपी लिहिणाऱ्या ड्राइव्हची मांडणी वेगळी असू शकते. लागोपाठच्या ट्रॅकवर एकाच कोनात चुका: चकतीवर ठिपका किंवा ओरखडा, पुन्हा पुसा. तीन वाचनांतही न सुटलेली फ्लॉपी बाजूला ठेवा, ताणू नका.

पीसीच्या फ्लॉपीची सेक्टर इमेज आली की ती सेव्हन-झिपने उघडते. प्रोग्रॅम चालवायचे तर जुना संगणक भासवणारं सॉफ्टवेअर लागतं: पीसीचे असतील तर डॉसबॉक्स, बीबीसीचे असतील तर बीबएम. जुन्या फ्लॉप्यांवर बूट सेक्टर व्हायरस सर्रास सापडतो. १९९० मध्ये भारतात आढळलेला जोशी व्हायरस ५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावायचा. इमेज साफ करू नका, व्हायरसही त्या काळाचा भाग आहे, फक्त त्या इमेजने खरा पीसी सुरू करू नका.

छापखान्यातल्या फ्लॉप्यांवरचा मराठी मजकूर उघडला तर रोमन अक्षरांचा काला दिसेल. फाइल बिघडलेली नाही. ती श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या मांडणीत आहे, किंवा सीडॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट प्रणालीतल्या इस्की या जुन्या अक्षरसंकेतात. म्हणून फॉन्टच्या फ्लॉप्या आधी वाचा, मजकुराच्या नंतर. युनिकोडमध्ये बदल करायचा तो प्रतीत, मूळ इमेज जशीच्या तशी.

प्रत्येक इमेजचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही हे ताडायचा आकडा) आणि लेबलचा फोटो एकाच क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवा. एक प्रत घरी, एक हार्ड डिस्कवर गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्याबरोबर मुंबईला. तो पोहोचला की चेकसम तिथेच एकदा ताडून घ्यायला सांगा.