मेंदू गणित कसे शिकतो, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी

या विषयाकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी एमआरआय या मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्राच्या रंगीत चित्रांनी भारावून येतात. मला मात्र या क्षेत्रात काम केल्यावर असे वाटते की खरा अभ्यास त्या यंत्राच्या कितीतरी आधी, शाळेच्या एखाद्या रिकाम्या वर्गात, एका मुलासमोर बसून सुरू होतो.

दुसरी-तिसरीतल्या मुलांना पडद्यावर ‘८ + ५’ दाखवून उत्तराला लागणारा वेळ मोजला, की दोन मुले जवळपास सारख्याच वेळात ‘तेरा’ म्हणतात. पण एकाची बोटे बाकाखाली हलत असतात, तर दुसरा ‘आठात दोन मिळवले की दहा, उरले तीन’ असे पुटपुटतो. संगणकाच्या नोंदीत दोघांत काहीच फरक नसतो. म्हणून ‘कसं काढलंस?’ असे विचारून मुलाचे उत्तर जसेच्या तसे टिपून घेण्याची सवय नवख्याने आधी लावून घ्यावी. स्टॅनफर्डमधील विनोद मेनन यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात ते नऊ वर्षांच्या मुलांची साधारण वर्षभराच्या अंतराने दोनदा चाचणी घेतली, तेव्हा मोजण्याऐवजी स्मरणातून उत्तर देण्याकडे मुले वळत असताना हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित मेंदूच्या भागाचा सहभाग वाढलेला दिसला. असा निष्कर्ष काढायचा तर मूल कोणती रीत वापरते, याची पारख हवीच.

एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना एमआरआयने केलेली नोंद, चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावरून, तोही काही सेकंद उशिरा, अंदाज देते. त्यात मूल थोडे हलले तरी नोंद वाया जाऊ शकते. त्यामुळे संख्याशास्त्र आणि पायथन किंवा आर या संगणकीय भाषांवर हात बसलेला असणे, मेंदूच्या भागांची नावे पाठ असण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आपल्याकडचे प्रश्नही कमी नाहीत. ‘पंचवीस’मध्ये एकक आधी येतो आणि लिहिताना दशक, जर्मन भाषेतही असेच असल्याने तेथील मुलांवर यासंबंधी बरेच संशोधन झाले आहे. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ धर्तीचे संख्यावाचन आणले तेव्हा आपल्याकडे वाद मात्र भरपूर झाला. मराठी मुलांवरचा नेटका प्रयोग हा प्रबंधाचा उत्तम विषय ठरेल.

शिक्षणासाठी आयआयटी कानपूर, आयआयटी गांधीनगर आणि अलाहाबाद विद्यापीठ येथे बोधनविज्ञानाचे (कॉग्निटिव्ह सायन्सचे) अभ्यासक्रम आहेत. वर्गातील गणिताकडे ओढा असेल तर मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. प्राध्यापकपदे थोडी आहेत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना केवळ गुणपत्रिका न जोडता, पालकांच्या संमतीने चार-पाच मुलांसोबत बसून केलेल्या निरीक्षणांचे एक पान जोडावे. निवडीच्या वेळी मी तरी आधी तेच वाचते.