यंत्र नंतर घ्या, आधी फाइल ओळखा

नोकरी तालुक्याच्या वाचनालयात झाली, त्यामुळे मैत्रिणी मलाच विचारतात, "ई-पुस्तकं वाचायला किंडल (अ‍ॅमेझॉनचं वाचनयंत्र) घेऊ का टॅब?" मी सांगते, इतक्यात काहीच घेऊ नका. महिनाभर हातातल्या फोनवर वाचा आणि फाइल कुठली आहे ते ओळखायला शिका. माझ्या ओळखीत ज्यांनी कंटाळून नाद सोडला, त्यांनी बहुधा पीडीएफनेच सुरुवात केली होती.

पीडीएफमध्ये छापील पान जसंच्या तसं असतं. अक्षर मोठं करायला जावं तर अख्खं पानच मोठं होतं, ओळीचं टोक पडद्याबाहेर जातं आणि दर ओळीला बोट इकडून तिकडे सरकवावं लागतं. ईपब फायलीत अक्षर वाढवलं की ओळी पडद्याच्या रुंदीत नव्याने बसतात. मोतीबिंदू झालेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

सुरुवात मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळापासून करा. तिथून पुस्तक ईपबमध्ये उतरवता येतं, पैसे पडत नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना मोकळं आहे. पहिलं पुस्तक आधी वाचलेलंच निवडा. नवं यंत्र आणि नवी गोष्ट एकदम नको. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या हयात लेखकांच्या पीडीएफ मात्र पुसून टाका. वर्गणी बुडवणारे सभासद मला तेव्हाही आवडत नसत.

साहित्य संस्कृती मंडळाची आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. ती वाचताना फोन आडवा धरा आणि समास कापले जातील इतकंच पान मोठं करा. पीडीएफ ईपबमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण जुनं पुस्तक युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असेल तर अक्षरांचा चिवडा होतो. असा चिवडा दिसला की वेळ घालवू नका. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूर नसतोच, नुसतं चित्र असतं.

महिन्याभरात गोडी लागली तर यंत्राचं बघू. कादंबऱ्या, कथा वाचणार असाल तर ई-इंकचं सहा इंची पुरे. त्याचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो, अंगणात उन्हातही वाचता येतं. दिवाळी अंकांच्या पीडीएफ वाचणार असाल तर दहा इंची टॅबच घ्या, दोन रकान्यांचं पान सहा इंचांत मावत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून विकत मिळतात. बुकगंगा या ऑनलाइन पुस्तक-दुकानाचं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं, तेव्हा कुठलं दुकान धरायचं ते एकदाच ठरवा. विकत घेतलेलं ई-पुस्तक शेजारणीला वाचायला देता येत नाही, हेही मनाशी धरा.

फोनवर वाचताना विमान मोड लावा, नाहीतर दर परिच्छेदाला कुणाचं तरी शुभ सकाळ येतं. अक्षराचा आकार बदलला की पानांची संख्याही बदलते. म्हणून वाचनकट्ट्यावर "पान ८४ काढा" म्हणू नका, प्रकरण सांगा. पोथी आणि पाककृतींचं पुस्तक कागदावरच असू द्या. पिठाच्या हाताने पडदा सरकत नाही.