आधी कंबर बघा: करवत माशी की मुंगळा?

पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याजवळच्या येऊरच्या पायवाटेवर पंखवाले मुंगळे उडाले की हमखास घोळ होतो. करवत माशी, म्हणजे सॉफ्लाय, आणि मुंगळा एकाच गणातले. दोघांनाही चार पंख, पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा मोठी. म्हणून पंखांवर जाऊ नका. १०एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या, भिंगातून बाजूने कंबर बघा. मुंगळ्याची छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर आणि तिच्यावर एकच गाठ असते. करवत माशीला कंबरच नाही, छाती तशीच जाडजूड पोटाला मिळते. तरी शंका राहिली तर मिशा बघा: मुंगळ्याच्या कोपरात वाकवल्यासारख्या, माशीच्या नाहीत. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे किडे पकडायचे नाहीत. फोटो काढून घरी मोठा करून बघा.

खरी फसगत अळीत होते. थंडीत गॅलरीतल्या मुळ्याच्या, मोहरीच्या पानांना भोकं पडली की सगळे ‘सुरवंट’ म्हणून मोकळे होतात. पान पांढऱ्या कागदावर झटका. काळपट हिरवी अळी वेटोळं करून मेल्यासारखी पडली तर ती बहुधा मोहरीवरची करवत माशी. आता पोटाखालचे मांसल पाय मोजा, पुढचे तीन जोड सोडून. आठ जोड्या भरल्या तर करवत माशी. फुलपाखरं-पतंगांच्या अळीला पाचाच्या वर नसतात. मुंगळ्याची अळी बिनपायाची, पांढरी, वारुळाबाहेर दिसतच नाही.

अळ्या सकाळी-संध्याकाळी पानांवर असतात, तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दुपारी शोधलं तर हाती काही लागत नाही. कोष मातीत असतात, म्हणून पीक निघालं की कुंडीतली माती उकरून उन्हात पसरा. जास्तच असतील तर लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा.

मुंगळे पानं कुरतडत नाहीत. फांदीवर त्यांची रांग लागली असेल तर वरती मावा किंवा पिठ्या ढेकूण हे रस शोषणारे किडे शोधा. या किड्यांचा गोड स्राव हे खरं कारण. ते पुसून काढा, रांग मोडते.

आणि इंग्रजीत ‘कार्पेंटर अँट’, म्हणजे सुतार मुंगी, म्हणवणारी ही मुंगळ्यांची जात लाकूड खात नाही. आपल्याकडचा काळा मुंगळा बहुतेकदा झाडाच्या बुंध्याशी मातीतच राहतो. त्याचे काही भाऊबंद मात्र ओलं, कुजकं लाकूड पोखरतात. बाथरूमच्या चौकटीखाली कोरडा भुसा दिसला आणि आतली भुयारं स्वच्छ असली तर मुंगळ्यांचा संशय घ्या. मातीने भरलेली असली तर वाळवी. मुंगळे असतील तर आधी गळका पाइप बदला, औषध नंतर.