कूलरखालची सापाची मावशी आणि तेरा जनुकं

मे महिन्यात नागपुरात कूलरखाली ओल असते, तिथे सापसुरळी हमखास येऊन बसते. आमची आई म्हणते, "सापाची मावशी आहे बाप्पा, जाऊ दे तिले." मावशीचे पाय इतके इवले, की धावते कमी, घसरते जास्त. बीएस्सीच्या पोरांना मी देते तो प्रोजेक्ट तिच्यावरूनच सुचला: ज्या सरड्यांचे पाय गेले, त्यांच्या मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांच्या) जनुकांत काय बदललं? जाळं नको, पिपेट नको, लॅपटॉप पुरे.

जाती निवडताना घाई करू नका. बिनपायाचे दहा सरडे एकाच कुळातले घेतले, तर एकच घटना दहादा मोजाल. पाय जाणं अनेक वंशांत स्वतंत्रपणे घडलंय, म्हणून जोड्या लावा: पायगोपोडिडी (जवळजवळ बिनपायाचे सरडे) आणि त्यांच्या नात्यातल्या पाली, अँफिस्बीनिया (गांडुळासारखे सरडे) आणि पायांचे लॅसर्टिडी, बिनपायाचा अँग्विस आणि त्याच कुळातला पायांचा अॅब्रोनिया. दरवर्षी एखादा पोरगा कुंडीतला वाळा आणतोच. (कूलरच्या ताटीतला नव्हे, गांडुळासारखा दिसणारा.) तो साप आहे. सापही सरड्यांतूनच निघाले, पण त्यांचा गट वेगळा ठेवा.

जीनबँक या जनुकांच्या मोफत ऑनलाइन साठ्यातून पूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम उतरवा. लांबी साधारण १६-१७ हजार डीएनए-अक्षरं, जनुकं ३७. त्यातली प्रथिनं बनवणारी १३ आपल्या कामाची. जनुकवार काढा. एटीपी-८ आणि एटीपी-६ ही जनुकं एकमेकांवर चढलेली असतात, सलग तुकडा कापलात तर फसाल. एनडी-६ हे जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर असतं. त्याचा अक्षरांचा कल वेगळा, म्हणून मी ते बाजूला ठेवते.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी सीओएक्स-१ या जनुकाच्या मधोमध थांबा-कोडॉन (प्रथिन इथे संपतं असं सांगणारी तीन अक्षरं) दिसले आणि मी पोरांना "सिक्वेन्स खराब आहे" म्हणून तो टाकायला लावला. खराब काहीच नव्हतं. पृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल; उलट एजीए आणि एजीजी हेही थांबा. वेगवेगळ्या जातींचे कोडॉन एकाखाली एक जुळवताना मॅकसे या प्रोग्रॅममध्ये कोड-तक्ता २ निवडा. पुढे बदलांचा वेग मोजणाऱ्या कोडएमएल प्रोग्रॅममध्ये मात्र त्याच तक्त्यासाठी आयकोड १ लिहावं लागतं, तिथे सगळेच चुकतात. काही जनुकांच्या शेवटी नुसता टी किंवा टीए उरतो. तो थांबा नंतर आरएनएला ए-अक्षरांची शेपटी जोडताना पुरा होतो, म्हणून तेवढं कापून टाका.

वंशवृक्ष याच जनुकांवरून बांधू नका. मायटोकाँड्रियाच्या आधारे काढलेल्या झाडात साप चक्क अगामिड सरड्यांशेजारी जाऊन बसले होते, कारण दोन्हीकडे सारखे बदल स्वतंत्रपणे झाले. २००९ मध्ये हे दाखवलं गेलं. केंद्रकातल्या जनुकांवर आधारलेलं प्रसिद्ध झाड घ्या.

झाडात बिनपायाच्या फांद्यांना #१ चिन्ह द्या (फाइलमध्ये अंक इंग्रजीच हवा). मग कोडएमएल दोनदा चालवा: सर्वांना एकच ओमेगा (प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या बदलांच्या दरांचं गुणोत्तर), आणि चिन्हांकित फांद्यांना वेगळा. दोन्ही लॉग-लाइकलीहूडमधल्या (मॉडेल माहितीशी किती जुळतं ते सांगणाऱ्या आकड्यांमधल्या) फरकाची दुप्पट ३.८४ पेक्षा जास्त निघाली, तर ५ टक्के पातळीवर फरक खरा.

इथे पोरं टाळ्या वाजवतात, "मॅडम, अनुकूलन!" थांबा. ओमेगा वाढला पण १ च्या खालीच राहिला, तर नैसर्गिक निवडीचा चाप सैल झाला असंही असू शकतं. उडणं सोडलेल्या पक्ष्यांत तसंच दिसलंय. सापांच्या सीओएक्स-१ मध्ये मात्र २००८ च्या अभ्यासात अनुकूलनाच्या खुणा सापडल्या. दोन्ही शक्य. म्हणून डेटामंकी या वेबसाइटवर रिलॅक्स ही चाचणी चालवा: तिचा के हा आकडा १ पेक्षा कमी म्हणजे निवड सैल, जास्त म्हणजे घट्ट. आणि "सरपटणं स्वस्त" असं गृहीत धरून कथा रचू नका. १९९० मध्ये ब्लॅक रेसर सापावर मोजलं, तेव्हा नागमोडी सरपटण्याचा खर्च तेवढ्याच आकाराच्या सरड्याच्या धावण्याइतकाच निघाला, आणि आकसत-ताणत पुढे सरकणं त्याहून बरंच महाग.

दोन्ही मॉडेल वेगवेगळ्या फोल्डरात चालवा. कोडएमएल जुनी फाइल न विचारता पुसतं.