नाल्याची दरड ढासळते? दसऱ्याच्या आसपास वाळुंज लावा

पोळ्यापर्यंतच्या पुरांत नाल्याकडच्या दोन-चार ओळी पऱ्हाटीसकट (कपाशीच्या झाडांसकट) खाली गेल्या, असं दरवर्षी कुणी ना कुणी सांगतंच. काळी माती भिजून जड होते, पाणी तिचा पाया कोरतं आणि पूर ओसरला की उभी दरड एकदम बसते. असा काठ धरून ठेवायला आपल्याकडचं देशी झाड आहे, वाळुंज.

पानं लांबट, टोकदार, मागून पांढुरकी. फांद्या लवचीक. पाऊस सरत आला की पानं गळतात, मग नवी पालवी फुटते आणि बारीक तुऱ्यांचा फुलोरा येतो. बारमाही ओल असलेल्या नाल्याकाठी किंवा डोहाकाठी शोधा. सोडून दिलं तर त्याचं झाड होतं, छाटत राहिलं तर झुडूप राहतं. काठासाठी झुडूपच हवं. उंच, जड झाड पडताना काठाचा लचका तोडून नेतं. झुडपं पुरात आडवी होतात, पाण्याचा जोर मोडतात आणि गाळ तिथंच बसतो.

एकदा उन्हाळ्यात डोहाकाठच्या वाळुंजाखाली मी पाण्यात हात घातला. केसांसारख्या तांबूस मुळांचा झुपका हाताला लागला, आणि त्यासोबत ओंजळीत आले बारीक झिंगे आणि बोटभर मासोळ्या. वर सावली असल्यानं पाणी गार होतं. गळलेली पानं कुजतात, त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासोळ्या. फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्याही येतात. एवढा संसार एका झुडपाखाली असतो, म्हणून काठ साफ करताना ते तोडू नका.

लागवड आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, करू नका. मी तशी केली होती, पहिल्याच पुरात सगळ्या काड्या वाहून गेल्या. पाणी उतरलं, पानं गळू लागली की दसऱ्याच्या आसपास अंगठ्याएवढ्या जाड, दोन-अडीच फुटांच्या काड्या कापा. खालचा काप तिरका, वरचा सरळ ठेवा, म्हणजे काडी उलटी लागत नाही. दिवसभर पाण्यात भिजवा. सब्बलीनं भोक पाडून दोन हिस्से जमिनीत, एक वर ठेवा आणि माती पायानं घट्ट दाबा. दोन-दोन फुटांवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, एकाआड एक अशा दोन ओळी. नाल्याच्या मधोमध एकही काडी नको, प्रवाह अडून समोरचा काठ खचेल.

वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून काड्या चार-पाच झाडांवरून घ्या. बी कापसासारखं उडतं, पण थोडेच दिवस जिवंत राहतं आणि त्याला ओला गाळ लागतो. वाळू उपसलेल्या नाल्यात आपोआप रोप येत नाही ते यामुळेच.

जिथं दिवाळीतच पाणी आटतं तिथं वाळुंज टिकणार नाही. तिथं करंज, निरगुडी लावा.

बरेच जण म्हणतात, नाल्याकाठी बेशरमाची झुडपं फुकट उगवतात, मग हे कशाला? बेशरम दक्षिण अमेरिकेतून आलेली. ती बोडी (लहान तळं), तलाव भरून टाकते, आणि चाऱ्याच्या टंचाईत बकऱ्यांनी ती सतत खाल्ली तर त्यांना कंप सुटतो, जनावर दगावतं. पण ती एका दिवसात उपटून काठ उघडा पाडू नका. पट्ट्यापट्ट्यानं काढा आणि मागोमाग वाळुंज लावत चला. तोडलेले तुकडे पाण्यात टाकले तर तिथंच मुळं धरतात. ते काठावर, उन्हात, पूर्ण वाळवा.

भंडारा, गोंदियाकडच्या शेतकऱ्यांनी एक जपावं: मामा तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या) मातीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाळुंज लावू नये. मुळं पाळीत शिरतात आणि ती कुजली की पाणी झिरपायला वाट मिळते. तलावात पाणी येतं त्या उथळ, गाळाच्या बाजूला लावा.

पहिली दोन वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण ठेवा, कोवळा पाला बकऱ्या सोडत नाहीत. तिसऱ्या वर्षी पानगळीत गुडघ्याएवढं छाटा. त्याच काड्या खालच्या अंगाच्या वावरवाल्याला द्या, कारण त्याचा काठ उघडा राहिला तर खचत खचत तुमच्यापर्यंत येतो.