बाळासाठी मोड आणलेल्या नागलीची पेज

नाशिककडे नाचणीला नागली म्हणतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवरची नवी नागली दिवाळीच्या सुमारास येऊ लागते. पीठ करून ठेवायचं ते तेव्हापासून उन्हाळा संपेपर्यंतच. पावसाळ्यात मोड छान येतात, पण वाळत नाहीत आणि बुरशी धरते.

अर्धा किलो नागली पाखडून घ्या, मग रोळा. पातेल्यात पाणी घालून हलकेच गोल फिरवत दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात उतरवायचे. दाणा मोहरीएवढा आणि खडाही तेवढाच, त्यामुळे निवडून तो हाती लागत नाही. रोळल्यावर तळाशी कचकच राहते ती या खड्यांचीच. तळ स्वच्छ दिसेपर्यंत, तीन-चार वेळा तरी रोळा.

१० ते १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट बांधलं की पुरचुंडीच्या मधला भाग तापतो आणि आंबूस वास येतो. एप्रिलमध्ये २४ तासांत मोड येतात, जानेवारीच्या थंडीत दोन दिवसही लागतात. पांढरा कोंब दाण्याएवढा झाला की पुरे. दाणे चिकट झाले, तार सुटली किंवा बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या. धुऊन वापरू नका.

मोडांचा खटाटोप उगाच नाही. मोड येताना दाण्यातला स्टार्च तोडणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात. त्यामुळे पेज घट्ट न होता तिच्यात पीठ जास्त मावतं, आणि एवढ्याशा पोटाला तेच हवं असतं. शिवाय लोह अंगी लागायला मदत होते.

पातळ पसरून दोन दिवस वाळवा. दाताखाली दाणा कट्कन फुटला म्हणजे वाळला. हाताने चोळून मोड झाडा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंतच भाजा. जास्त भाजलं की कडवटपणा येतो. गार झाल्यावर घरीच मिक्सरवर दळा. गिरणीत आधीच्या दळणाचं पीठ मिसळतं. मग मलमलीतून वस्त्रगाळ करा.

ओली नागली वाटून, दूध पिळून सत्त्व काढायचीही रीत आहे. ते पचायला हलकं, पण नागलीच्या कॅल्शियमचा मोठा वाटा सालात असतो आणि तो चोथ्याबरोबर जातो. म्हणून आम्ही पिठाच्याच बाजूचे.

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरुवात करा. सपाट दीड पोह्याचा चमचा पीठ आधी गार पाण्यात कालवा, एकूण पाणी १२० मिली. गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या झाल्याच. मंद आचेवर सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा. रंग गडद होतो, चकाकी येते, कच्चा वास जातो. चमचा तिरका केला तर पेज हळूहळू ओघळावी. पाण्यासारखी वाहिली तर थोडी आटवा. वरून तुपाचे चार थेंब. कोमट झाल्यावर आईचं दूध मिसळलं तरी चालतं.

पहिले तीन दिवस रोज दोन-तीन लहान चमचेच द्या, सोबत दुसरा नवा पदार्थ नको. पुरळ किंवा उलट्या झाल्या तर थांबून डॉक्टरांना दाखवा. वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ घालू नका. मध तर मुळीच नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. शी घट्ट होऊ लागली तर पेज पातळ करा आणि उकळून गार केलेलं पाणी घोटघोट पाजा. उष्टी उरलेली पेज पुन्हा गरम करून देऊ नका.

पीठ कोरड्या बरणीत महिनाभर टिकतं. बरणीत ओला चमचा घालू नका.